बाबांच्या भिंतीवरची कालनिर्णय फेकू नका

न्यूजर्सीहून एका ताईंचा मेल आलाय, तो वाचून दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नव्हता. त्यांचे बाबा फेब्रुवारीत ठाण्यात गेले, वय 87, लग्नाला 60 वर्षं झालेली. ताई कशीबशी दहाव्याला पोचल्या, तीन आठवडे राहिल्या आणि परत गेल्या. आता वर्षश्राद्धाला त्यांना बाबांच्या आठवणींचा एक व्हिडिओ करायचाय, तोही मुलांसाठी, कारण मुलगा 15 चा, मुलगी 10 ची, आणि दोघांना आजोबा म्हणजे रविवारचा व्हिडिओ कॉल एवढंच माहितीय. त्या लिहितात, "बाबा वागळे इस्टेटमध्ये मशीन शॉपला होते, 1995 ला रिटायर झाले, काही मोठं असं केलेलं नाही, त्यामुळे व्हिडिओत काय टाकू तेच कळत नाही." आणि भाऊ म्हणतोय की आता कपाट रिकामं करू, बाबांचं सिम बंद करू, आईला सहा महिने तिकडे पाठवू.

ताई, तुमच्याच मेलमध्ये खाली दोन ओळी आहेत ज्या तुम्ही सहज लिहून गेलात. एक म्हणजे बाबा कालनिर्णयच्या चौकटीत रोजचं काहीबाही लिहायचे आणि जुनी कॅलेंडरं गुंडाळी करून माळ्यावर ठेवलीयत. दुसरी म्हणजे हॉलमध्ये दोन घड्याळं आहेत, त्यातलं एक तुमच्या वेळेचं, आणि ते आता एक तास चुकतंय.

अहो, मग काय टाकू म्हणून कसलं विचारताय!

भावाला आधी सांगा की माळ्याला हात लावायचा नाही. माझे सासरे गेले तेव्हा आम्ही तेराव्याच्या आत सगळं आवरून टाकलं, शर्ट, स्वेटर, चष्म्याची घरं, डायऱ्या, वाटलं सासूबाईंना बघून त्रास नको. चार महिन्यांनी एकदा रात्री लाईट गेले आणि त्या अंधारात म्हणाल्या, "ह्यांची ती छोटी बॅटरी कुठेय गं?" ती आम्ही कोणाला तरी देऊन टाकली होती. मला आजही ते आठवलं की घशाशी येतं. आवरायचंच असेल तर वर्ष जाऊदे, आणि आवरताना आई समोर बसलेली असूदे, ठेव म्हणेल ते ठेवायचं.

आता कॅलेंडरचं. "आई, बाबांबद्दल काहीतरी सांग ना" असं विचारलंत तर ती "काय सांगू, चांगले होते" म्हणेल आणि डोळ्याला पदर लावेल, पुढे काही नाही. आपल्या आया अशा प्रश्नाला बोलत नाहीत, त्यांच्या हातात वस्तू लागते. भावाला एकेका पानाचा फोटो काढायला सांगा, तो तुमच्या मुलाला पाठवा आणि त्याला एका चौकटीबद्दलच आजीला विचारू दे. तुम्ही लिहिलंयत ना, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या महिन्यात रोजच्या चौकटीत "ही – ड्रॉप्स" आणि पुढे चार बारीक टिका. मुलाला विचारू दे की आजी, हे "ही" काय आहे. मग तिला सांगावं लागेल की ही म्हणजे मीच, साठ वर्षांत ते मला "ही" म्हणाले आणि मी त्यांना "अहो", आणि दिवसातून चार वेळा गजर लावून, हात धुऊन, माझी मान मागे करून ते ड्रॉप्स घालायचे. बायकोवर जीव होता हे त्या माणसाने तोंडाने कधी म्हटलं नसेल, पण महिनाभर रोज चार टिका मारल्या. मुलाचं मराठी मोडकं आहे ना, असूदे, आजी उलट जास्त समजावून सांगेल.

एका वेळी एकच पान, दहा मिनिटं, आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू. आईला मात्र आधी सांगून ठेवा, चोरून नको. 1978 ला गडकरी रंगायतन सुरू झाल्यापासून दोघं महिन्याला एक नाटक बघायचे म्हणता, तर नंतर तलावपाळीला चक्कर मारून घरी चालत यायचे का रिक्षाने, तेही विचारा, त्यातून काय काय निघतं बघा. आणि सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळी आईने उखाणा घेतला होता त्याचा व्हिडिओ कुठल्या मामेभावाच्या फोनमध्ये पडलाय तो शोधाच, कारण तिच्या तोंडून बाबांचं नाव तेवढंच ऐकायला मिळणार. मुलांना हेही सांगा की हजार पौर्णिमा म्हणजे जवळजवळ 81 वर्षं होतात, त्यांना हिशोब करायला आवडेल.

सिमचं म्हणाल तर घाई नको. रिचार्ज न करता 90 दिवस वापर नसला की नंबर बंद होऊ शकतो, पुढे तो दुसऱ्या कोणाला तरी मिळतो, आणि बँक, गॅस, लाईटबिल सगळ्याचे ओटीपी त्यावरच येत असतील. व्हॉट्सअ‍ॅप 120 दिवस उघडलं नाही तरी खातं उडतं. म्हणून मृत्यूचा दाखला दाखवून नंबर आईच्या नावावर करून घ्या, आणि मुलांना आलेले आजोबांचे व्हॉइस मेसेज आजच एक्स्पोर्ट करून दोन ठिकाणी ठेवा. बाकी फॅमिली पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला, सोसायटीत शेअर सर्टिफिकेट, ही कामं भाऊ करेलच.

आईला तिकडे न्यायचं का? तिला विचारा, आणि नाही म्हणाली तर नाही. ऐन थंडीत न्यूजर्सीच्या बंद घरात, तुम्ही दोघं कामावर आणि मुलं शाळेत, ती दिवसभर काय करणार? इथे निदान शेजारची दारं उघडी असतात. मला विचाराल तर वर्षश्राद्ध होईपर्यंत ती तिच्या घरात राहूदे आणि तुम्हीच या. तिकीट काढताना तारीख नका धरू, तिथी बघा, मध्ये अधिक महिना नसेल तर तिथी दहा-अकरा दिवस आधीच येते, माझ्या ओळखीत एक जण याच घोळात विधी संपल्यावर पोचला.

तुम्हाला येणं जमलंच नाही तर त्या दिवशी तिकडे वालाचं बिरडं करा, बाबांच्या आवडीचं. फ्रोजनमध्ये सोललेले वाल मिळतात पण ते नका आणू, कडवे वाल आणून भिजवा, मोड आणा आणि कोमट पाण्यात टाकून मुलांना सोलायला बसवा. आईची नखं दुखतात म्हणून बाबाच सोलायचे हे तुम्हीच लिहिलंय, तर ते काम किती वेळखाऊ असतं हे त्यांच्या बोटांना कळूदे. व्हिडिओ झाला तर झाला, नाही झाला तरी चालेल.

आणि ते घड्याळ. तुमच्याकडे मार्चमध्ये वेळ बदलते तेव्हा बाबा दरवर्षी काटा एक तास पुढे घ्यायचे आणि कॅलेंडरवर लिहायचे, "त्यांचं घड्याळ पुढे." म्हणजे मग इथे रविवारी संध्याकाळी सात वाजले की तुमच्याकडे सकाळचे साडेनऊ, फोनची वेळ. या मार्चमध्ये काटा फिरवायला ते नव्हते म्हणून ते मागे राहिलंय. कोणी हात लावू नका, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते आपोआप बरोबर होईल. पुढच्या मार्चच्या दुसऱ्या रविवारी मात्र आजीला फोन करून काटा पुढे घ्यायला सांगायचं काम नातवाकडे द्या, आणि नवीन कालनिर्णयच्या त्या चौकटीत काय लिहायचं तेही त्यालाच सांगू दे.