मालवणीत गायलो तर आमचा बँड गावापुरताच राहील का?

तुम्ही विचारलंय की तुमचा बँड फंक आणि इलेक्ट्रॉनिक वाजवतो, पण गाणी मालवणीत केलीत तर पुढे काही होणार नाही असं सगळे म्हणतात, ते खरं का? मला नाही पटत. माझ्यासमोर लंडनच्या ‘इबिबियो साउंड मशीन’ या बँडचं उदाहरण आहे.

गायिका एनो विल्यम्स जन्मली लंडनमध्ये, वाढली लेगोसमध्ये. नायजेरियाच्या आग्नेय भागात बोलली जाणारी इबिबियो ही तिच्या आईची भाषा. बँड २०१३ मध्ये जमला. तिने लहानपणी घरात ऐकलेल्या लोककथाच गाण्यांत आणल्या. २०१४ च्या पहिल्या अल्बममध्ये चक्क बोलणाऱ्या माशाचं गाणं आहे.

इबिबियोत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. म्हणजे नुसतं बोललं तरी अर्धी चाल तयार! त्या चालीखाली सिंथेसायझर आणि बेस, वरून ब्रास म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, आणि घानाच्या कारी बॅनरमनची हायलाइफ (पश्चिम आफ्रिकेतलं नाचाचं संगीत) वळणाची गिटार. एकदा मी स्वयंपाकघरात हे लावलं होतं. आई मेथी निवडत होती. ‘कुठली रे ही भाषा?’ विचारलंन, आणि उत्तराची वाट न बघता बोटांनी परातीच्या काठावर ठेका धरलान. तिला एक शब्द कळत नव्हता.

२०१७ चा ‘उयाई’ (म्हणजे सौंदर्य) अमेरिकेतल्या मर्ज या स्वतंत्र लेबलने काढला. त्यातलं ‘गिव्ह मी अ रीझन’ जरूर ऐका. एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियातल्या चिबोकच्या शाळेतून बोको हराम या दहशतवादी संघटनेने २७६ मुली पळवून नेल्या, त्यांच्याबद्दलचं हे गाणं. पाय थिरकतात आणि विषय कळला की घशात आवंढा येतो. नाचाच्या गाण्यात एवढं दुःख मावतं, हे मला याच बँडने दाखवलं.

पुढे २०१९ चा ‘डोको मिएन’, मग हॉट चिप या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक बँडने निर्मिती केलेला ‘इलेक्ट्रिसिटी’ (२०२२), आणि २०२४ चा ‘पुल द रोप’. दहा वर्षांत पाच अल्बम. इंग्रजीही आहे त्यांच्या गाण्यांत, पण इबिबियो त्यांनी सोडली नाही. तुम्हीही हट्टाने प्रत्येक ओळ मालवणीत करायची गरज नाही.

फक्त एक करून बघा. चाल बांधायच्या आधी घरातल्या आजीला बोलतं करा आणि रेकॉर्ड करा. ‘खंय चललंस?’ म्हणताना ती कुठला शब्द ओढते, कुठे तोडते, ते तुमच्या ड्रमरला ऐकवा आणि त्याला त्यावरच वाजवू द्या. बेस नंतर. पहिलं गाणं झालं की मला ऐकवाच, कच्चं असलं तरी चालेल.