अकोल्यात झकास चालणारा कूलर ठाण्यात कुचकामी का ठरतो?

तुम्ही विचारलंय की अकोल्यात ४२ अंशांत ज्या कूलरसमोर गाढ झोप लागायची, तोच कूलर ठाण्याशेजारच्या कळव्याच्या घरात ३४ अंशांत लावला तर गादी-चादर दमट होते आणि चिकचिक वाढते, असं का? शिवाय तापमान आठ अंशांनी कमी असून इथे जीव जास्त का घाबरा होतो?

मी ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या पट्ट्यात एसी बसवण्याची आणि दुरुस्तीची कामं करतो. विदर्भ-खानदेशातून आलेली मंडळी दर उन्हाळ्यात हेच विचारतात. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे: इथल्या हवेचं तापमान कमी असतं, पण तिच्यात उष्णता जास्त असते.

पटत नसेल तर हिशोब करू. अकोल्याची दुपार ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते, त्याच्या किती टक्के आहे ते) १५ टक्के धरा. ठाण्याची ३४ अंश आणि ६५ टक्के. ० अंशाची कोरडी हवा आणि ० अंशाचं पाणी यांची उष्णता शून्य मानून मोजलं, तर अकोल्याच्या एक किलो हवेत साधारण ६३ किलोज्यूल उष्णता निघते आणि ठाण्याच्या हवेत ९०च्या आसपास. म्हणजे जवळजवळ दीडपट! फरक आहे वाफेचा. तिकडच्या किलोभर हवेत जेमतेम ८ ग्रॅम वाफ असते, इकडे २२ ग्रॅम.

पाण्याची वाफ करायला भरपूर उष्णता लागते. ३० अंशांच्या आसपास एक ग्रॅम पाण्यामागे सुमारे २,४०० ज्यूल. ही उष्णता वाफेत जाऊन बसते, पण थर्मामीटरला तिचा पत्ता नसतो, कारण तिच्यामुळे तापमान वाढतच नाही. दहावीच्या पुस्तकात ‘अप्रकट उष्मा’ म्हणून शिकलात तो हाच. १७६०च्या दशकात ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञांनी वितळणाऱ्या बर्फावर प्रयोग करताना ही भानगड पहिल्यांदा नीट पकडली: बर्फ उष्णता घेत राहतो, पण पूर्ण वितळेपर्यंत पारा ० वरून हलत नाही. उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हापासून स्पष्ट झालं. तापमान म्हणजे खिशातली रोकड, वाफेतली उष्णता म्हणजे बँकेतली एफडी. खिसा चाचपून एफडी कळत नाही.

आता कूलरकडे येऊ. कूलर हवेतली उष्णता कमी करतच नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. ओल्या पॅडमधून हवा जाते, पाण्याची वाफ होते, त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते. हवेचं तापमान उतरतं आणि वाफ वाढते, एकूण बेरीज जवळपास तीच राहते. हवा वाफेने पूर्ण भरली की खेळ संपला. अकोल्याच्या त्या हवेला २२ अंशांपर्यंत उतरायला वाव आहे. पॅड चांगले असतील तर प्रत्यक्षात २६ च्या आसपासची हवा अंगावर येते, वर वाळ्याचा वास. झोप लागणारच! ठाण्याच्या हवेला मात्र २८-२९ च्या खाली जाताच येत नाही. तुमचा कूलर ३४ ची हवा ३० वर आणतो, पण अगदी दमट करून. त्यात गार वाटावं म्हणून खिडक्या लावून घेतल्या असतील, तर ती वाफ खोलीतच साठते आणि थोड्या वेळाने ३० सुद्धा मिळत नाही.

शरीराचंही हेच गणित. नुसतं बसलेलं माणूससुद्धा शंभर वॉटच्या जुन्या बल्बएवढी उष्णता सतत बाहेर टाकत असतं. बाहेरची हवा त्वचेएवढीच, म्हणजे ३४-३५ अंशांची झाली, की ही उष्णता नेण्याचं काम एकट्या घामावर येतं. आणि वाळलेला घामच गारवा देतो, कपाळावरून ओघळून शर्टात मुरलेला नाही. तिकडे घाम आल्याचं कळायच्या आत उडून जातो, म्हणून उन्हात हिंडताना पाणी पीत राहावं लागतं. इकडे तो लवकर उडतच नाही.

एसी वेगळं काय करतो, ते ड्रेन पाइपखाली बादली ठेवून बघा. आतली कॉइल दहा-बारा अंशांवर असते. तिच्यावर खोलीतली वाफ पाणी होऊन जमते आणि पाइपातून ठिबकते. बादलीत एक लिटर पाणी जमलं म्हणजे सुमारे २,४०० किलोज्यूल, विजेच्या मीटरच्या भाषेत एका युनिटच्या दोन तृतीयांश एवढी उष्णता घरातून गेली, आणि तीही खोलीचं तापमान अर्धा अंशही न उतरवता. म्हणूनच एसी चालू असताना खिडकी किलकिली ठेवणाऱ्यांना मी ओरडतो. बाहेरची ती ३४ अंशांची हवा २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेवर आणायची तर किलोमागे ४० किलोज्यूल काढावे लागतात, आणि त्यातला पाऊण हिस्सा नुसत्या वाफेचा असतो.

गिऱ्हाईक कधीकधी विचारतं, दीड टनाचा एसी वीज खातो दीड किलोवॉट आणि उष्णता काढतो सव्वापाच किलोवॉट, हे कसं? यात चमत्कार नाही. एसी थंडी ‘बनवत’ नाही, उष्णता आतून उचलून बाहेर नेतो, आणि वीज लागते ती या हमालीची. उष्णता आपण होऊन थंडाकडून गरमाकडे कधी जात नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ क्लाउसियस यांनी १८५० मध्ये मांडलं, तोच उष्मागतिकीचा, म्हणजे उष्णतेच्या शास्त्राचा, दुसरा नियम. पहिला नियम, म्हणजे ऊर्जा नाहीशी होत नाही, तो आउटडोअरवर, म्हणजे एसीच्या घराबाहेर बसवलेल्या भागावर दिसतो: आतून काढलेले सव्वापाच अधिक विजेचे दीड, असे पावणेसात किलोवॉट तिथून बाहेर पडतात. फ्रिजचं दार उघडं ठेवून खोली गार का होत नाही तेही यातच आलं. फ्रिजचा आउटडोअर खोलीतच असतो, उलट खोली तापते.

आमच्या भागातल्या टॉवरमध्ये हे सगळे आउटडोअर एका अरुंद डक्टमध्ये एकावर एक टांगलेले असतात. खालच्याने टाकलेली गरम हवा वरचा ओढतो. मे महिन्यात दुपारी वरच्या मजल्यांचे एसी ट्रिप होतात, आणि फोन येतो, “गॅस संपला वाटतं, भरून द्या.” गॅस पुरेपूर असतो. उष्णता टाकायला जागाच उरलेली नसते.

तुमच्यापुरतं सांगायचं तर कूलर मोडीत काढू नका. पाण्याचा पंप बंद करून, समोरासमोरच्या खिडक्या उघडून त्याचा मोठा पंखा म्हणून वापर करा. नुसती जोराची हवासुद्धा घाम वाळवायला मदत करते. एसी घेणार असाल तर १८ वर लावून खोली लवकर गार होईल ही आशा सोडा. साधी (इन्व्हर्टर नसलेली) मशीन तेवढ्याच जोराने चालते, फक्त बंद पडायचं नाव घेत नाही. २५-२६ वर ठेवा, वर पंखा मंद, खिडक्या बंद. आणि आउटडोअर कुठे बसणार हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.