चक्रीवादळात गावचे घर आणि वाडी उद्ध्वस्त झाली आहे. शहरात राहणाऱ्या मुलांनी घरच्यांना मदत कशी करावी?

तुम्ही विचारले आहे की वादळाने गावच्या घराचे छप्पर उडाले, नारळी-पोफळीची वाडी आडवी झाली, आईवडील तिथेच आहेत आणि तुम्हाला नवी मुंबईतल्या नोकरीतून जेमतेम आठ दिवसांची रजा मिळते आहे; तेव्हा पैसे पाठवावेत की स्वतः जावे, आणि गेल्यावर साफसफाईला सुरुवात कुठून करावी. माझे उत्तर असे की स्वतः जा, पण सुरुवात साफसफाईने करू नका. पडलेल्या घरात आपल्याला जो कचरा दिसतो, त्यातले निम्म्याहून अधिक सामान पुढे तेच घर उभे करायला लागते, आणि उरलेल्याची मोजणी झाल्याशिवाय ते हलवणे महागात पडते. हे मी अनुभवाने सांगते आहे.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते. माझे माहेर श्रीवर्धन तालुक्यात आहे. 3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा घरात आई, भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुले होती. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर होता. फोन बंद पडले आणि घरातली माणसे सुखरूप आहेत एवढे कळायलाच आम्हाला दोन दिवस लागले. टाळेबंदीचा काळ असल्याने जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत असे. तो मिळेपर्यंतच्या वेळात मी आणि माझ्या पतींनी जांभळी नाक्याच्या बाजारातून सामान जमवले. तेव्हा रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एका दिवशी आणि दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी उघडत, त्यामुळे एका खरेदीला दोन फेऱ्या पडल्या. आमच्या सोसायटीतल्या लोकांनी आपुलकीने कपड्यांची गाठोडी आणून दिली, परंतु गावात कपड्यांची चणचण नव्हतीच. उपयोगी पडल्या त्या जाड ताडपत्र्या, नायलॉनची दोरी, खिळे, बांधणीची तार, सौर कंदील, मेणबत्त्या, गमबूट, जाड हातमोजे, आईच्या रक्तदाबाच्या महिनाभराच्या गोळ्या आणि चार्ज केलेल्या पॉवर बँका. आमच्या गावात त्यानंतर महिन्याहून अधिक काळ वीज नव्हती, हे लक्षात घेतले तर या यादीचे महत्त्व तुम्हाला पटेल.

माणगावहून म्हसळ्याच्या रस्त्याने आम्ही 7 जूनला पोहोचलो. घरासमोर उभे राहिल्यावर पहिली इच्छा झाली ती हे सगळे डोळ्यांसमोरून दूर करण्याची. आम्ही त्याच दुपारी गावातल्या दोन मुलांना बोलावले, अंगणात आडव्या पडलेल्या अकरा पोफळी तोडून वाडीबाहेर टाकल्या आणि कौलांचा ढीग उचलून गडग्यापलीकडे रिकामा केला. आई ओटीवर बसून होती आणि दोनदा म्हणाली, "जरा थांबा गं." आम्ही थांबलो नाही. तिसऱ्या दिवशी कृषी सहायक वाडीची पाहणी करायला आले, तेव्हा त्यांनी जागेवर दिसणाऱ्या झाडांचीच नोंद केली आणि ते त्यांच्या परीने योग्यच होते. त्या अकरा पोफळी कागदावर कधीच पडल्या नाहीत. फेकलेल्या कौलांत शंभरेक कौले अभंग होती, हेही नंतर कळले.

म्हणून पहिला दिवस मोजणीला द्या. घराची चारही बाजूंनी, प्रत्येक खोलीची आतून, छपराची खालून अशी छायाचित्रे काढा आणि त्यात घराचा एखादा न बदलणारा भाग, जसे तुळशीवृंदावन किंवा विहिरीचा काठ, दिसू द्या. मोडलेल्या प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर चुन्याने क्रमांक घाला आणि क्रमांकासह छायाचित्र घ्या. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांचा पंचनामा होईपर्यंत वाट मोकळी करण्यापुरतेच हलवाहलव करा. पंचनाम्याच्या वेळी घरचे कोणीतरी जाणते माणूस सोबत फिरले पाहिजे, कारण वाडीच्या मागच्या कोपऱ्यातले झाड परक्या माणसाला दिसत नाही. आमच्या वेळी मोजणीचे मोल फार स्पष्टपणे कळले. फळबागांची मदत आधीच्या निकषाने हेक्टरी 18,000 रुपये होती, ती शासनाने निसर्गनंतर हेक्टरी 50,000 केली. परंतु कोकणातली वाडी हेक्टरांत नसते, गुंठ्यांत असते. आमची वाडी बारा गुंठ्यांची, म्हणजे हेक्टरी हिशेबाने सहा हजार रुपये. पुढे मागणी झाल्यावर झाडामागे मदत ठरली, नारळाला 250 आणि सुपारीला 50 रुपये. आमच्या नोंदलेल्या 27 माडांचे आणि 150 पोफळींचे मिळून ते 14,250 रुपये होतात. गेलेल्या उत्पन्नापुढे ही रक्कम काहीच नाही, तरी दुप्पट-अडीचपट फरक केवळ झाडे मोजलेली होती म्हणून पडला. तुमच्या वेळचे निकष तहसील कार्यालयातून विचारून घ्या, ते वादळागणिक बदलतात.

कागदांचा दुसरा भाग असा आहे की जो शहरातली भावंडेच करू शकतात, आणि त्याविषयी मला जरा आग्रहाने बोलायचे आहे. घराची मदत ग्रामपंचायतीच्या नमुना 8च्या उताऱ्यावरून आणि वाडीची मदत सातबाऱ्यावरून ठरते. सातबाऱ्यावर जेवढी नावे तेवढे हक्कदार. एकाच्या खात्यात रक्कम जमा करायची तर बाकीच्यांचे संमतीपत्र मागितले जाते. आमचे वडील वारल्यानंतर वारसनोंद वेळीच झाली होती, म्हणून आईबरोबर भावाचे आणि आम्हा तीन बहिणींचे नाव सातबाऱ्यावर होते. मी ठाण्यात, एक बहीण डोंबिवलीत, एक पुण्यात. टाळेबंदीत तिघींच्या सह्या आणि आधार कार्डांच्या प्रती गोळा करून मी त्या भावाकडे पोहोचवल्या. माझ्या चुलत्यांच्या सातबाऱ्यावर मात्र अजून आजोबांच्या पिढीची नावे होती आणि त्यांचे वारस एकोणीस जण. त्यांच्या वाट्याचे पैसे कितीतरी महिने अडकून राहिले. माहेरच्या मुलींनी हे काम आपले समजून करावे, असे मला मनापासून वाटते. गावातल्या भावाला नव्या कौलांपेक्षाही त्या वेळी बहिणीची सही लवकर हवी असते. कागद भिजले असतील तर ते उन्हात टाकू नका. वर्तमानपत्राच्या घड्यांत सुटे करून सावलीत वाळवा.

मोजणी झाली की छप्पर. आमच्याकडे वादळ झाले आणि आठ-दहा दिवसांत पावसाळा सुरू झाला, त्यामुळे पक्के छप्पर दिवाळीनंतरच होणार हे आम्ही स्वीकारले आणि घरातल्या दोनच खोल्या नीट झाकल्या. ताडपत्री कौलांवर अंथरून कडेला दगड ठेवणे पुरेसे नसते, पहिल्याच वावधानात ती फाटते. तिच्या कडा वळचणीखालून वळवून वाशांच्या टोकांना दोरीने बांधाव्या लागतात. शेजारच्या कोळीवाड्यातून आम्हाला जुनी जाळी मिळाली. ती ताडपत्रीवर ताणून चारही बाजूंनी बांधल्यावर तो आसरा चार महिने टिकला. छपरावर चढण्याचे काम मात्र घरच्या उत्साही तरुणांनी करू नये, कारण भिजलेले वासे आणि सैल झालेल्या रिपा वजन धरत नाहीत. गावातल्या सुताराला वाट पाहून बोलवा. पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील आणि ते फुटले असतील, तर त्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास फुफ्फुसांना घातक असे बारीक तंतू, असण्याची शक्यता असते. आधी पाणी मारा, नाकातोंडाला मास्क लावा आणि तुकडे आणखी न फोडता उचला.

विहिरीकडे त्याच दिवशी लक्ष द्या. आमच्या विहिरीत झावळ्या, पाने आणि दोन मेलेल्या कोंबड्या होत्या. सगळे काढून, जमेल तेवढे पाणी उपसून, मग ब्लीचिंग पावडर घातली. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम लागते. तीन मीटर व्यासाच्या आणि चार मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे 28,000 लिटर पाणी भरते, म्हणजे 70 ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे पाणी विहिरीत सोडायचे आणि निदान तासभर ते वापरायचे नाही. पाणी फार घाण झाले असेल तर पावडर जास्त लागते; ग्रामपंचायतीकडून किंवा आरोग्य सेवकाकडून तपासून घ्या आणि तोवर पाणी उकळून प्या. चिखलातून अनवाणी फिरू नका. ठाण्या-मुंबईच्या माणसाला लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा ताप, पुरानंतरच्या अनुभवाने माहीत आहेच. तोच धोका गावच्या चिखलातही असतो, आणि ताप आला तर अंगावर काढू नये. कौलांच्या ढिगाखाली, झावळ्यांखाली हात घालण्यापूर्वी काठीने चाळवा. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात दोन फुरशी, म्हणजे विषारी साप, निघाली.

आता वाडीविषयी, कारण कोकणातल्या घराचे पोट तिच्यावर असते आणि शहरातून गेलेल्या माणसाला तिच्यातले सर्वांत कमी कळते. माडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो शाबूत असेल तर झावळ्या सगळ्या तुटलेला माडही हळूहळू सावरतो. कोंब मोडला असेल किंवा खोड मधून तुटले असेल, तर त्या झाडाची आशा नाही. कललेली लहान झाडे दोरीने सरळ करून, बुंध्याशी माती भरून टेकू दिल्यास जगतात. आमची सहा जगली. म्हणून तोडण्याचा निर्णय दोन-तीन महिने लांबवा आणि तो आईवडिलांना करू द्या. मेलेली खोडे मात्र वर्षानुवर्षे वाडीत कुजत ठेवता येत नाहीत. गेंड्या भुंग्याच्या अळ्या कुजणाऱ्या खोडांत वाढतात आणि तो भुंगा उरलेल्या माडांचे कोंब पोखरतो. आम्ही जुन्या माडांच्या बुंध्याकडचा कठीण भाग वाशांसाठी कापून घेतला, बाकी फोडून पुढच्या पावसाळ्याआधी सरपणाला संपवला. विहिरीजवळचा फणसही पडला होता. त्याची फळी सावलीत सहा महिने वाळवली आणि आज माजघराची तुळई त्याच फणसाची आहे. पहिल्या दुपारी तोही विकून टाकावा असे मी सुचवले होते. आईने ऐकले नाही, हे फार बरे झाले.

एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. माडांची सावली गेल्यावर वाचलेल्या पोफळींची खोडे पावसाळा संपताच दुपारच्या उन्हाने भाजू लागली. ज्या बाजूला माड उरले नव्हते, त्या नैर्ऋत्येच्या बाजूला केळी लावल्या आणि तोवर खोडांना सुक्या झावळ्या गुंडाळल्या. तेवढ्याने बरीच झाडे वाचली.

आईला काही दिवस ठाण्याला आणावे, असे आम्हा सर्वांना वाटत होते, आणि जूनच्या अखेरीस मी तिला आणले. जुलैच्या सुरुवातीला ठाण्यात पुन्हा कडक टाळेबंदी लागली आणि ती तिसऱ्या मजल्यावरच्या घरात अडकली. तिला कसली कमतरता नव्हती, पण तिचे जेवण कमी झाले आणि रात्री ती पाऊस ऐकत जागी राहू लागली. श्रावणात परत गेल्यावर ती आठ दिवसांत पूर्ववत झाली. तुमचे आईवडील येऊ म्हणाले तर अवश्य आणा. नको म्हणाले तर त्यांचा एक कोपरा कोरडा करून द्या आणि आग्रह सोडा.

पैशांविषयी तुम्ही विचारलेत, तर एकदम मोठी रक्कम पाठवू नका. वादळानंतर पहिले काही महिने कौले, पत्रे आणि मजुरी, सगळ्यांचे भाव चढलेले असतात. आम्ही तिघी बहिणींनी दरमहा ठरावीक रक्कम घरखर्चाला पाठवली आणि बांधकामाची रक्कम डिसेंबरपर्यंत बाजूला ठेवली. तेव्हा जुनी अभंग कौले कारखान्याच्या ठशाप्रमाणे वेगळी करून घेतली, कारण दोन कारखान्यांची कौले एकमेकांत नीट बसत नाहीत. एका पाखीवर जुनी आणि दुसऱ्या पाखीवर नवी अशी ती चढवली. वळचणीच्या दोन ओळी तारेने रिपांना बांधल्या. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा त्या ओळींतले एकही कौल हलले नाही.

रजेच्या शेवटच्या दिवशी वडिलांबरोबर वाडीत फिरून कुठे काय लावायचे हे त्यांच्याकडून लिहून घ्या आणि रोपे पुढच्या पावसाळ्यासाठी आताच नोंदवा, कारण वादळानंतर साऱ्या तालुक्याला एकाच वेळी रोपे हवी असतात. श्रीवर्धनला कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आहे. तिथे किंवा तुमच्या जवळच्या सरकारी रोपवाटिकेत चौकशी करा. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. लावताना दोन रोपांत पावणेतीन मीटरचे अंतर ठेवा आणि त्या रांगांत पहिल्या वर्षापासून केळी लावा, म्हणजे मधल्या काळात घरात थोडेफार उत्पन्न येत राहील.