उत्तर: इंग्रजी श्वेतपत्रिकांवर प्रबंध उभा करू नका (माझे आठ महिने गेले)

प्रबंध अडल्याची तुमची पोस्ट वाचून माझं एम.फिल.चं दुसरं वर्ष आठवलं. चीन जगापुढे आपली प्रतिमा कशी घडवतो हा विषय, चीन सरकारच्या इंग्रजी श्वेतपत्रिकांचा (धोरण सांगणाऱ्या अधिकृत पुस्तिकांचा) ढीग, कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट (चीनच्या पाठबळाने परदेशांत चालणारी चिनी भाषा-संस्कृतीची केंद्रं) कुठे किती याचा तक्ता, आणि ‘कार्यालय माहिती देत नाही’ ही रड. हुबेहूब मीच!

कार्यालयाचं आधी उरकतो, नाव घेत नाही. तीन पत्रं पाठवली, दोन खेपा घातल्या. एकदा ‘साहेब मीटिंगमध्ये’, एकदा ‘अर्ज वरच्या मजल्यावर गेलाय’. पाच महिन्यांनी आलं काय, तर गुळगुळीत कागदाचं मासिक, मुखपृष्ठावर पांडा. तुम्ही वाट बघत बसू नका.

पण खरी माती मीच खाल्ली. चिनी मजकुराला हात न लावता नुसतं इंग्रजी वाचत राहिलो. ‘श्युएनछ्वान’ या चिनी शब्दात प्रचार आणि प्रसिद्धी दोन्ही बसतात. ‘प्रोपगंडा’ म्हटल्यावर आपलं नाक मुरडतं तसं तिथे होत नाही. चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचार खात्याच्या चिनी नावात आजही हाच शब्द आहे. इंग्रजी पाटीवर मात्र १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘प्रोपगंडा’ पुसून ‘पब्लिसिटी’ आलं. मी पाटी वाचली आणि तिसऱ्या प्रकरणात ‘धोरणात मूलभूत बदल’ असं ठोकून दिलं. सरांनी एवढंच विचारलं, “चिनी नाव काय झालं?” अख्खं प्रकरण गेलं.

‘शांततापूर्ण उदय’ या घोषणेचंही तेच: चीन मोठा होईल, पण कुणाला धोका न होता. पक्षाचे विचारवंत चंग बीच्येन यांनी २००३ मध्ये चीनमधल्या बोआओच्या आशियाई परिषदेत ते मांडलं आणि २००४ मध्येच अधिकृत भाषेत ‘शांततापूर्ण विकास’ आला. ‘उदय’ने बाहेरचे दचकतील ही धास्ती होती, तर घरात काहींना ‘शांततापूर्ण’च खुपत होतं: तैवानबाबत आपलेच हात बांधले जातील म्हणून. २००५ची श्वेतपत्रिका वाचून या ओढाताणीचा वाससुद्धा येत नाही.

तक्त्याबद्दल माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या: तो परिशिष्टात टाका. पहिली इन्स्टिट्यूट २००४ मध्ये सोलला निघाली, ठीक. पण शिकागो विद्यापीठाने २०१४ मध्ये आपल्याकडच्या इन्स्टिट्यूटचा करार का पुढे नेला नाही, त्यात जास्त माल आहे. जानेवारी २०११ मध्ये चीनचे तेव्हाचे अध्यक्ष हू चिन्ताओ यांच्या अमेरिका दौऱ्याच्या वेळी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर चीनची जाहिरातफीत झळकली. ती किती वेळा दाखवली हे मोजण्यापेक्षा, बास्केटबॉलपटू याओ मिंग सोडून त्यातले किती चेहरे तिथल्या माणसाला ओळखू आले असतील, हे विचारा. २०२१ मध्ये शी चिनफिंग पॉलिटब्यूरोच्या (पक्षाच्या वरिष्ठ नेत्यांच्या मंडळाच्या) अभ्याससत्रात म्हणाले की, चीनची प्रतिमा विश्वासार्ह, प्रिय आणि आदरणीय व्हायला हवी. एवढ्या खर्चानंतर हे म्हणावं लागतं, यातच बरंच आलं.

माझं चिनी कामचलाऊ आहे, तेव्हा उच्चारांवरून धरू नका. शब्दकोश घेऊन निदान शीर्षकं तरी दोन्ही भाषांत ताडून बघा. आणि पानं दिसतील तशी तारखेसकट पीडीएफ करून ठेवा. माझ्या तळटिपांमधले निम्मे दुवे मौखिकीच्या दिवशी उघडत नव्हते.