मुलांचा मैद्याचा गोळा आणि सासूबाईंचं म्हणणं

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. बाजारातली रंगीत क्ले सारखी वाळून जाते, म्हणून घरीच करायचं ठरवलं. मैदा, पाणी, तेल आणि खायचा रंग घालून मळलं. कृतीत वाटीभर मीठ होतं, पण त्यानं तोंडात घातलं तर, या भीतीनं दोनच चमचे घातलं. 'क्रीम ऑफ टार्टर' चार दुकानं फिरूनही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी गोळा हाताला चिकटायला लागला, चौथ्या दिवशी बुरशी! वर सासूबाई म्हणतात, अन्नाशी कसला खेळ? माझं काय चुकलं?
— एक आई, गोडोली, सातारा

उत्तर : चौथ्या दिवसापर्यंत टिकला हेच नवल. आषाढातल्या साताऱ्यात नुसता भिजवलेला मैदा म्हणजे बुरशीला आवतणच. तुम्ही मीठ काढलंत आणि गोळा शिजवला नाहीत, एवढंच चुकलं.

मी सांगलीत बावीस वर्षं बालवाडी घेतली. पहिली दोन वर्षं मीही कच्चाच गोळा मळून न्यायची आणि मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं पिठलं व्हायचं. शेवटी आमच्या मदतनीस मावशी वैतागल्या. "बाई, मोदकाला काढता तशी ह्याची उकड काढा की." तेव्हापासून उकडच.

सगळं एकाच वाटीनं मोजा. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे गोडेतेल आणि दोन रसदार लिंबांचा गाळलेला रस. गॅस न पेटवताच जाड बुडाच्या कढईत कालवून गाठी मोडून घ्या. धिरड्याच्या पिठासारखं पातळ दिसेल, घाबरू नका. मग मंद आचेवर उलथन्यानं हलवत राहा. आधी तळाशी धरायला लागतं, मग सगळंच गचगचीत होतं, आणि नेमक्या इथंच बहुतेक जणी गॅस बंद करतात. अजून दोन मिनिटं दम धरा. कडा सोडून सगळं उलथन्याभोवती जमा झालं, ओलं बोट लावून चिकटेनासं झालं, की ताटात काढा. कोमट झाल्यावर तेलाच्या हातानं कानाच्या पाळीइतकं मऊ मळा. शिजताना मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि ते धरून ठेवतो. कच्च्या गोळ्यात पाणी सुटंच राहतं, म्हणून तो पाझरतो.

क्रीम ऑफ टार्टरच्या मागे लागू नका. वाइनच्या पिंपांत आतून जमणारी ती आंबट पूड. द्राक्षांचं तासगाव शेजारी असूनही आमचं सगळं लिंबावरच भागलं. काम आंबटाचं आहे, त्यानं गोळा लवचीक राहतो. चिंचेतही तेच द्राक्षातलं आम्ल असतं, म्हणून एकदा चिंचेचा कोळ घालून पाहिला. गोळा झाला झकास, पण रंग असा आला की मुलांनी त्याचं काय केलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मीठ मात्र मैद्याच्या निम्मं हवंच. तेच बुरशीला अडवतं, आणि तेवढं असलं की चाटणारं मूल तोंड वाकडं करून थुंकतं. तुमची भीती खोटी नाही. एकदा चाटल्यानं काही होत नाही, पण मूठभर गोळा पोटात गेला तर एवढं मीठ लहान मुलाला खरोखर धोक्याचं असतं. घरातल्या कुत्र्यालाही. म्हणून दिसेल ते तोंडात घालणाऱ्या मुलाला हा गोळा द्यायचाच नाही. त्याला स्वयंपाकातल्या तांदळाच्या उकडीची गोळी द्या, खाल्ली तर खाल्ली. तुमच्या साडेतीन वर्षांच्याला द्या, पण समोर बसून. आणि बराचसा खाल्ल्याचं लक्षात आलं तर उलटीची वाट न बघता डॉक्टर गाठा. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलाला मैदा नको. आणि इसेन्स अजिबात घालू नका. व्हॅनिलाचा वास द्यायचा आणि वर 'खायचं नाही' म्हणायचं, हा पोरांवर अन्याय आहे.

रंगाला मी सांगलीची, हळदच वापरणार. पाव चमचा पुरते. एकदा एक मुलगी पिवळ्या गोळ्यानं माखलेला फ्रॉक घालून घरी गेली. आईनं त्याला साबण लावला, तर फ्रॉक लालभडक! ती बिचारी रक्त समजून मुलीला घेऊन धावतच माझ्याकडे. हळदीला साबण किंवा खायचा सोडा लागला की ती लाल होते. मी तिच्यासमोर डागावर लिंबू पिळलं, पुन्हा पिवळा. राहिलेला डाग उन्हात उडतो, पण पावसाळ्यात ऊन कुठून आणणार? जुने कपडे घालूनच खेळायला बसवा.

सासूबाईंचं म्हणणं मला निम्मं पटतं. दीप अमावस्येला त्या कणकेचे दिवे करत असतील, पण ते आपण खातो. हा गोळा वायाच जाणार. म्हणून मी दोन वाट्यांच्या वर कधी गेले नाही आणि एक गोळा तीन आठवडे पुरवला. मधल्या दिवसांत माती द्या. आता बेंदूर आहेच. कुंभाराकडून चिखल आणा आणि सासूबाईंनाच नातवाला बैल करायला शिकवू द्या. वशिंड आणि शिंगं त्यांच्या हातून तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली होतील.

दुकानातल्या 'प्ले-डो' नावाच्या रंगीत क्लेचा जन्मही खेळासाठी नव्हता, हेही त्यांना सांगा. अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका कंपनीचा तो भिंतीच्या कागदावरची कोळशाची काजळी पुसायचा लगदा. घरं उबदार ठेवायला कोळसा जाऊन गॅस आला, खप बसला. तेव्हा के झुफॉल नावाच्या बालवाडीच्या बाईंनी तो मुलांना खेळायला देऊन पाहिला, आणि १९५६ मध्ये तो खेळणं म्हणून विकायला आला. बालवाडीच्या बाईंचा हा मान मी भेटेल त्याला ऐकवते.

गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा. पावसात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसं यालाही सुटणार. चिकटला तर कोरडा मैदा लावत बसू नका, कढईत मंद आचेवर पुन्हा परता. वास आला, डाग दिसला, की सगळाच टाकायचा. टाकताना गायीच्या घमेल्यात नको, कुंडीतही नको, मिठानं झाड जळतं. सरळ कचऱ्यात.

प्रश्न : आमची चार वर्षांची मुलगी सगळे रंग एकत्र करून तपकिरी करून टाकते. काय करू?
— एक आजोबा, मिरज

उत्तर : सहा रंग दिले की तपकिरी होणारच. मी दोनच देत असे, पांढरा आणि हळदीचा. मिसळून मिसळून फिका पिवळा होतो.