डब्यात गोठणारं तूप नसांतही गोठतं का?

प्रश्न : थंडीत आमच्याकडे खोबरेल तेलाची बाटली दगड होते, तूपही घट्ट रवाळ बसतं. सोयाबीनचं तेल मात्र पातळच. मुलगा म्हणतो, "आई, जे डब्यात गोठतं ते नसांतही गोठतं," आणि त्याने वरणावरचं तूप बंद केलंय. हे शास्त्राला धरून आहे का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, चिरंजिवांची काळजी रास्त, पण कारण साफ चुकीचं. आणि आयुष्यभर कॉलेजात जीवरसायन शिकवल्यामुळे मला चुकीचं कारण ऐकवत नाही.

आपल्याकडे जानेवारीच्या रात्री पारा 10 अंशांच्या आसपास येतो. खोबरेल साधारण 24 अंशांना वितळतं आणि तूपही 40 च्या आत पूर्ण पातळ होतं. शरीर आत 37 अंशांवर. तिथे खोबरेल गोठणार कसं? शिवाय खाल्लेलं तूप तूप म्हणून रक्तात जातच नाही. आतड्यात पित्त त्याचे बारीक थेंब करतं, विकरं ते तोडतात, आतड्याच्या पेशी तुकडे पुन्हा जोडून त्यावर प्रथिनांचं वेष्टण चढवतात आणि मगच ते पुढे रवाना होतं.

आता तुमच्या ओट्यावरचं कोडं. तेल असो की तूप, मूळ रेणू एकाच घाटाचा : ग्लिसरॉलचा एक कणा, त्याला मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या. फरक शेपट्यांत. संपृक्त मेदाम्लाची शेपटी सरळ असते, त्यामुळे काड्यापेटीतल्या काड्यांसारखे रेणू एकमेकांना चिकटून बसतात आणि पदार्थ घट्ट होतो. असंपृक्त मेदाम्लात कार्बनच्या साखळीत दुहेरी बंध असतो, तिथे शेपटीला बाक येतो. वाकड्या शेपट्या शेजारी शेजारी नीट बसत नाहीत, म्हणून तेल पातळ राहतं. सोयाबीन तेलात निम्म्याहून जास्त वाटा लिनोलेइक आम्लाचा, त्याला असे दोन बाक. खोबरेलात जवळपास निम्मं 12 कार्बनचं लॉरिक आम्ल, सरळसोट. वनस्पती तूप याच युक्तीवर निघालं : तेलात हायड्रोजन घालून बाक सरळ केले. त्या भानगडीत ट्रान्स मेद तयार झाले, म्हणजे दुहेरी बंध असूनही जवळपास सरळ शेपटीचे, हृदयाला घातक मेद. 2022 पासून सरकारने खाद्यतेलांत आणि वनस्पतीत त्यांच्यावर 2 टक्क्यांची मर्यादा घातली आहे.

हाच बाक शरीरालाही लागतो, आणि माझ्या मते सगळ्या विषयातली देखणी गोष्ट ती आहे. तीनपैकी एक शेपटी काढून तिथे फॉस्फेटचा गट बसवला की फॉस्फोलिपिड होतं. त्याचं फॉस्फेटचं डोकं पाण्याला धरून, शेपट्या पाण्यापासून पळणाऱ्या. पाण्यात सोडलं की शेपट्या आत, डोकी बाहेर असा दुपदरी थर आपोआप बनतो. तुमच्या प्रत्येक पेशीचं आवरण तेच. तो थर घट्ट झाला तर पेशीचं कामच अडेल. वाकड्या शेपट्या त्याला सैल ठेवतात. थंड पाण्यातले मासे आवरणात असंपृक्त मेदाम्लं वाढवतात, ती याचसाठी. माळव्यातल्या तेलगिरण्यांत कच्च्या सोयाबीन तेलातून जो चिकट गाळ काढतात, त्यात मुख्यतः हीच फॉस्फोलिपिडं. चॉकलेटवाले घटक एकजीव ठेवायला लेसिथिन घालतात, तेही त्यातलंच.

कोलेस्टेरॉलही याच आवरणात बसतं. त्यापासून पित्ताम्लं, कॉर्टिसॉल आणि इस्ट्रोजेनसारखी संप्रेरकं बनतात. उन्हात त्वचेत ड जीवनसत्त्व होतं, तेही त्याच्याच जवळच्या नातलगापासून. झाडाझुडपांत कोलेस्टेरॉल नावापुरतंच असतं, तेव्हा तेलाच्या पिशवीवरचं 'कोलेस्टेरॉल फ्री' ही निव्वळ जाहिरात.

मग मुलाचं काय बरोबर? संपृक्त मेद जास्त झाले की यकृत रक्तातलं एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) कमी उचलतं. ते वाढलं की रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतं, पांढऱ्या पेशी ते गिळतात आणि भिंतीतच थर वाढतो. याला वर्षानुवर्षं लागतात, आणि गोठण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

तुमचा एलडीएलचा अहवाल डॉक्टरांना दाखवा. तो ठीक असेल तर वरणावरच्या चमचाभर तुपासाठी घरात भांडण नको. अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वं शोषायला थोडा स्निग्धांश लागतोच. वाटी ओतत असाल तर मात्र मी मुलाच्या बाजूने. आणि पोह्यांवर रोज मूठभर शेव जाते, तिचाही हिशेब त्याने ठेवला आहे का, ते विचारा.