गार्डन सेंटरमध्ये फार्म शॉप काढायला वेगळी परवानगी लागते का?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमध्ये तुमचं छोटं गार्डन सेंटर आहे, रिकाम्या शेडमध्ये भाजी, अंडी, चीज विकायचंय, शेजारचा शेतकरी परवानगीशिवाय विकतो मग आम्हाला का नाही. मी असंच एक सेंटर सांभाळतो, ह्यातून गेलोय, म्हणून कळकळीने सांगतो, फ्रीज नंतर घ्या, आधी जुनी डिसिजन नोटिस शोधा, म्हणजे सेंटरला प्लॅनिंगची (जागेच्या वापराची) परवानगी देताना स्थानिक कौन्सिलने दिलेलं अटींसकटचं पत्र.

शेतकऱ्याचं वेगळं असतं. स्वतःच्या रानातला माल तो तिथेच विकतो तेव्हा ती विक्री शेतीचाच भाग धरतात, बाहेरचा माल अगदी थोडा असेल तोवर. लोक दहा टक्के सांगतात पण तो कायद्यातला आकडा नाही. शिवाय शेतीच्या जुन्या इमारतीत दुकान काढायला त्याला क्लास आर मिळतो, म्हणजे पूर्ण प्लॅनिंग अर्ज न करता वापर बदलायची सवलत, मे 2024 पासून 1000 चौरस मीटरपर्यंत. तुमची शेड शेतीची इमारत धरत नाहीत, त्यामुळे ही वाट बंद, पाटीवर फार्म शॉप लिहा नाहीतर काहीही.

तुमचं सगळं त्या नोटिशीतल्या अटींवर आहे. साध्या दुकानाची परवानगी असेल आणि मालावर काहीच बंधन नसेल तर ते क्लास ई मध्ये (दुकानं, कॅफे, ऑफिसं अशा वापरांचा गट) येतं, मग खाण्याचे पदार्थ बिनधास्त विका. पण बऱ्याच सेंटरांना अट असते. आमच्यात लिहिलं होतं फक्त झाडं, कुंड्या, बागेची अवजारं वगैरे, आणि ते न वाचता आम्ही सॉसेज नि चीज सुरू केलं, दोन महिन्यांत कौन्सिलच्या एन्फोर्समेंटचं (अटी मोडणाऱ्यांवर कारवाई करणाऱ्या विभागाचं) पत्र हातात. अट मोडल्याची अधिकृत नोटिस निघाली की तिच्यावर अपील करता येत नाही हे तेव्हा कळलं, दोन रात्री झोप नव्हती. लगेच विक्री थांबवली आणि प्लॅनिंग कायद्याच्या कलम 73 खाली अट बदलायचा अर्ज टाकला. (जागेचा वापरच बदलत असेल तर हे कलम चालत नाही, पूर्ण अर्ज करावा लागतो.)

खरी अडचण आली ती गावातल्या एकुलत्या दुकानाची. त्या बाईंनी हरकत घेतली आणि त्यांचं म्हणणं रास्तच होतं, आम्ही पाव, दूध, पेपर विकले असते तर त्यांचं दुकान बसलं असतं. मग आम्हीच लिहून दिलं की ह्या वस्तू ठेवणार नाही, जागा 70 चौरस मीटरच्या वर नेणार नाही, माल आसपासच्या शेतांवरूनच घेऊ, आणि कुठल्या शेतावरून काय येणार त्याची यादीच जोडली. आठ आठवड्यांचा निर्णय अकरा आठवड्यांनी आला पण मंजूर झाला. तुम्ही त्या दुकानदाराला अर्जाआधीच भेटा, आम्ही नाही भेटलो ह्याचं अजून वाईट वाटतं.

आणि दुकान उघडायच्या 28 दिवस आधी कौन्सिलकडे फूड बिझनेसची नोंदणी करा, ती वेगळी असते, फी नाही.